लग्नावरून लग्नाकडे : न्यू फ्रान्सच्या पहिल्या फ्रेंच कुटुंबांपर्यंत वंशावळ कशी न्यायची

माझी सून कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची, फ्रेंच बोलणारी. नातवाला शाळेतून घराण्याचं झाड काढून आणायला सांगितलं तेव्हा आमच्या बाजूचं मी सांगायचं आणि तिच्या बाजूचं तिने, असं ठरलं. आमच्या बाजूला मी पाचव्या पिढीत अडकले. खापरपणजोबांचं नाव माहीत, पण खापरपणजीचं माहेर कुठलं, लग्नाआधीचं नाव काय, कोणालाच सांगता येईना, कारण सासरी आल्यावर ताटातल्या तांदळात नवीन नाव लिहिलं आणि जुनं तिथेच पुसलं गेलं. सून म्हणाली मला आजोबांच्या पलीकडे काहीच माहीत नाही. म्हणून मग तिच्या बाजूला मीच हात घातला, तर तीन आठवड्यांत १६३४ ला जाऊन पोचले, बारा पिढ्या, प्रत्येक बाईच्या माहेरच्या नावासकट! थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या तीन महिन्यांत त्यातलं निम्मं चुकीचं निघालं ती गोष्ट वेगळी, ती खाली येईलच. माझ्या ओळखीतल्याच तीन मराठी घरांत आता फ्रेंच-कॅनेडियन सुना-जावई आहेत आणि प्रत्येकजण मला विचारतो की हे कसं केलंस, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आधी हे सोपं का पडतं ते

न्यू फ्रान्स म्हणजे आजच्या कॅनडातली फ्रान्सची जुनी वसाहत. १६०८ साली शांप्लेन या फ्रेंच माणसाने क्वेबेक शहर वसवलं. १६१७ मधे लुई एबेर, त्याची बायको मारी रोले आणि त्यांची मुलं आली, जमीन कसून राहिलेलं हे पहिलं फ्रेंच कुटुंब. त्रुआ-रिव्हिएर १६३४ चं, मॉन्ट्रियल १६४२ चं. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने साधारण ७७० बायका लग्न करून राहण्यासाठी पाठवल्या गेल्या, त्यांना फीय द्यू रुआ म्हणतात, म्हणजे राजाच्या लेकी. १६६५ ला कारिन्यां-सालिएर रेजिमेंटचे बाराशेच्या आसपास सैनिक आले, त्यातले चारशेएक इथेच घर करून राहिले. १६६६ मधे ज्याँ तालों या अधिकाऱ्याने माणशी नाव लिहून शिरगणती केली तर सगळी वसाहत मिळून भरली ३,२१५ माणसं. आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी खेड्याएवढी! १७६० ला इंग्रजांनी मुलूख घेतला तेव्हा ही संख्या सत्तर हजाराच्या घरात होती आणि त्यानंतर फ्रान्समधून माणसं येणं जवळजवळ थांबलंच. त्यामुळे आज ज्याचे चारही आजी-आजोबा जुने क्वेबेकचे आहेत त्याची मुळं याच थोड्याशा जोडप्यांत जाऊन मिळतात, तुम्हाला शोधायचं रान तसं छोटं आहे.

दुसरं म्हणजे चर्चच्या वह्या. बाप्तिस्म्याची नोंद ठेवायचा हुकूम फ्रान्सच्या राजाने १५३९ मधेच काढला होता, १६६७ च्या कायद्याने प्रत्येक वहीच्या दोन प्रती सक्तीच्या झाल्या आणि क्वेबेकमधे १६७९ पासून तसं होऊ लागलं, एक प्रत चर्चमधे आणि एक कोर्टात. चर्च जळलं तरी कोर्टातली वही राहते. आणि ही चर्चची वही हीच सरकारी जन्म-लग्न-मृत्यूची नोंद, असं थेट १९९३ संपेपर्यंत चाललं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं : या कागदांत बाई मरेपर्यंत माहेरच्या नावाने राहते. लग्न झालं, विधवा झाली, पुन्हा लग्न केलं, पुरली गेली, सगळीकडे तेच जन्माचं नाव. आपल्याकडे बायकांची बाजू काढायला जीव जातो, इथे दोन्ही बाजू सारख्याच सोप्या.

सुरुवात घरातून, कॉम्प्युटरवरून नाही

सगळ्यांना आधी सतराव्या शतकात उडी मारायची असते. आधी कळस मग पाया असं करू नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा आणि एकच गोष्ट मिळवा : साधारण १९४० च्या आधी झालेलं एक लग्न. कोणाचं कोणाशी, अंदाजे कुठल्या वर्षी, कुठल्या गावात. बस. अलीकडच्या वह्या खाजगीपणाच्या कायद्याने बंद असतात, त्यामुळे गेल्या ऐंशी-शंभर वर्षांचा पूल तुम्हाला माणसं, जुने फोटो, वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या जाहिराती आणि थडग्यांवरचे दगड यांच्यावरूनच बांधायचा असतो. इकडच्या मृत्यूच्या जाहिराती फार कामाच्या, अमुकची बायको, तमुकची मुलगी, मागे कोण कोण राहिलं, सगळं लिहितात. कॅथलिक घरांत मयताच्या फोटोचं छोटं कार्ड वाटायची पद्धत होती, ती कार्डं आज्या बायबलमधे नाहीतर बिस्किटांच्या डब्यात ठेवतात. माझ्या विहीणबाईंच्या डब्यात एकोणीस निघाली.

विहीणबाईंशी बोलताना मी एक शिकले, "तुमचे पूर्वज कोण" असं विचारलं की माणूस गप्प होतो, "तुमच्या आईचं लग्न कुठल्या चर्चमधे झालं" विचारलं की तासभर थांबत नाही.

मधली गाडी अडली तर कॅनडाची जनगणना बघा, १८५१ पासून १९३१ पर्यंतच्या याद्या ओटावाच्या लायब्ररी अँड आर्काइव्हजच्या साइटवर फुकट आहेत. १९०१ च्या यादीत तर पूर्ण जन्मतारीख विचारली होती, फक्त त्या तारखांवर डोळे झाकून विसंबू नका, लोकांनी आठवेल तसं सांगितलेलं आहे.

आता मुख्य काम : लग्नावरून लग्नाकडे

बाप्तिस्म्याच्या मागे लागू नका. पहिलंच वाक्य पाठ करा, लग्न शोधा. क्वेबेकच्या लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरीची नावं, दोघांच्याही आईवडिलांची नावं (आई माहेरच्या आडनावाने), दोघांची पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला इलाखा), आईवडील जिवंत की मयत, आधीचं लग्न झालं असेल तर कोणाची विधवा किंवा विधुर, साक्षीदार, सगळं असतं. म्हणजे एका पानावर दोन पिढ्या. मग त्या आईवडिलांचं लग्न शोधायचं. मग त्यांच्या आईवडिलांचं. जिना चढल्यासारखं. दर पायरीला साधारण पंचवीस-तीस वर्षं मागे जायचं आणि मोठ्या मुलाच्या जन्माच्या एक-दोन वर्षं आधीपासून बघायला लागायचं. लग्न बहुतेक नवरीच्या पॅरिशमधे व्हायचं, त्यामुळे नवऱ्याच्या गावात सापडलं नाही तर शेजारची गावं बघा.

हे कुठे बघायचं? फुकटचं आधी सांगते. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर खातं उघडलं की क्वेबेकच्या कॅथलिक पॅरिशच्या १६२१ पासूनच्या वह्यांचे फोटो बघता येतात, पान पान उलटावं लागतं पण वर्षाच्या शेवटी बऱ्याचदा पाद्र्याने नावांची सूची केलेली असते, आधी शेवटचं पान उघडा, पाद्र्याला दुवा द्याल. क्वेबेकचं सरकारी दफ्तरखानं म्हणजे बीएएनक्यू, इकडे तोंडी "बांक" म्हणतात, त्यांच्या साइटवरही शंभर वर्षांहून जुन्या वह्या आहेत. पैसे भरून मिळणाऱ्यांत दोन महत्त्वाच्या. एक पीआरडीएच, मॉन्ट्रियल युनिव्हर्सिटीत १९६६ ला सुरू झालेला प्रकल्प, त्यांनी जुन्या कॅथलिक नोंदी एकेक वाचून माणसं जोडून कुटुंबं केलीत, आता ते १८४९ पर्यंत पोचलेत. दुसरी द्रुएं इन्स्टिट्यूटची साइट. या द्रुएंवाल्यांनी १९४० च्या आसपास अख्ख्या क्वेबेकच्या वह्यांचे फोटो काढून ठेवले, म्हणूनच आज घरबसल्या मजा चाललीय. माझा सल्ला असा की आधी एक महिना फुकटच्यावर हात बसवा आणि नक्की काय काय अडलंय याची यादी करून मगच एका महिन्याची वर्गणी भरा. वर्षाची भरलीत तर तीन दिवस बघाल आणि विसराल.

एक बारीक गोष्ट, सर्चमधे आडनावाचं फ्रेंच स्पेलिंगच टाकायचं, ऐकू येतं तसं नाही. मी पहिल्या दिवशी रुआ शोधत बसले होते, ते आर-ओ-वाय लिहितात.

एक खरं लग्न घेऊ म्हणजे नीट कळेल. १५ सप्टेंबर १६७०, क्वेबेक शहराजवळ नदीत इल द'ओर्लेआं नावाचं मोठं बेट आहे, तिथलं सेंत-फामीय चर्च. नवरा निकोला ओदे, ज्याला लापुएंत असंही म्हणत. वडील इनोसां ओदे, फ्रान्समधल्या पुआतू भागातल्या मोले गावच्या सें-पिएर पॅरिशचा. नवरी माद्लेन देप्रे, वडील फ्रांसुआ, आई माद्लेन लग्रां, पॅरिसच्या सें-सोव्हर पॅरिशची, राजाच्या लेकींपैकी एक. आता बघा, एका लग्नातून तुम्ही अटलांटिक ओलांडून दोन ठिकाणी पोचलात. ओदे आणि लापुएंत या दोन्ही आडनावांची अनेक माणसं आज या एका जोडप्याची. या दोघांकडे मी खाली परत येणारे.

"दी" नावांचा घोळ

एका माणसाला दोन आडनावं. कागदात मधे "दी" असा शब्द येतो, म्हणजे "ऊर्फ". सैनिकांना पलटणीत टोपणनाव मिळायचं, लाफ्लर म्हणजे फुल्या, लातुलीप म्हणजे ट्युलिपवाला, सांसूसी म्हणजे बिनधास्त, लादूसर म्हणजे गोड माणूस, असली. काहींना गावावरून पडलं, पिकार, नोर्मां, लांगदोक, आपल्या पुणेकर-नाशिककरसारखं. पुढे मुलांतला एक बापाचं मूळ आडनाव लावतो, दुसरा ऊर्फ लावतो, तिसरा दोन्ही, आणि नातू पुन्हा बदलतो. सख्खे भाऊ, आडनावं दोन! निकोलाची पोरंबाळं कुठे ओदे, कुठे लापुएंत. म्हणून माग अचानक तुटला आणि आईचं नाव बरोबर जुळतंय पण वडिलांचं आडनावच वेगळं दिसतंय, तर आधी ऊर्फ तपासा. "दी" नावांच्या याद्या नेटवर बऱ्याच आहेत.

सीमेपलीकडे गेलेल्यांची अजून गंमत. १८४० ते १९३० मधे नऊ लाखांच्या आसपास फ्रेंच-कॅनेडियन अमेरिकेत गेले, बरेचसे न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामाला. तिथल्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं किंवा ह्यांनीच भाषांतर करून टाकलं. बुआव्हेर म्हणजे हिरवं जंगल, तो झाला ग्रीनवुड. रुआ झाला किंग, लब्लां झाला व्हाइट. तुमचा जावई व्हरमाँटचा मिस्टर किंग असेल तर त्याला आजीच्या जपमाळेबद्दल विचारून बघा. ऱ्होड आयलंडमधे वुनसॉकेटला अमेरिकन-फ्रेंच जिनिऑलॉजिकल सोसायटी आहे, त्यांचं कामच हे.

आडनावावरून नातं लावायची घाई करू नका. क्वेबेकमधलं सगळ्यात जास्त दिसणारं आडनाव त्राम्ब्ले, आणि ते सगळे जवळजवळ एकाच जोडप्याचे, पिएर त्राम्ब्ले आणि ओझान आशों, लग्न १६५७ चं. म्हणजे हे आपल्या एखाद्या छोट्या गावावरून पडलेल्या आडनावासारखं झालं. पण रुआ म्हणाल तर ते कुलकर्णी-पाटलांसारखं, एकमेकांशी काहीही संबंध नसलेले कितीतरी रुआ आले. आणि एबेर आडनावाचा प्रत्येक जण छाती काढून सांगतो की आम्ही लुई एबेरचे, तर त्या लुईचा आडनावाचा वंश नातवाबरोबरच, १६६० च्या दशकाच्या सुरुवातीला संपला. त्याचे वंशज भरपूर आहेत पण ते मुलगी गियमेतकडून, म्हणजे कुयार घराण्यातून. हे एका लग्नात मी एका एबेरसाहेबांना सांगितलं, नंतर सून म्हणाली आई तुम्हाला काय गरज होती.

पान वाचायचं कसं

फ्रेंच येत नाही म्हणून घाबरू नका, नोंदी ठराविक साच्याच्या असतात, वीस-पंचवीस शब्द आले की पुरतात. मला आधी फ्रेंच फक्त "बोंजूर"पुरतं येत होतं. मुलगा "फिस", मुलगी "फीय", विधवा "व्हव", आणि नावाआधी "फ" असं छोटं काहीतरी दिसलं, लिहितात एफ-इ-यू, की तो माणूस मयत. हा शब्द सोन्याचा आहे, वडील लग्नाच्या वेळी मयत होते एवढं कळलं की त्यांचं दफन कुठपर्यंत शोधायचं याची हद्द ठरते. "मीनर" म्हणजे फ्रेंच काळात पंचवीसच्या खालचा, अठराच्या नाही. शेवटी "सही करता येत नाही असं सांगितलं" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पानावर.

महिन्यांत सगळे फसतात. पाद्री सप्टेंबरला ७ आकडा काढून पुढे बीआरई लिहितात, ऑक्टोबरला ८, नोव्हेंबरला ९, आणि डिसेंबरला एक्स. लॅटिन सात-आठ-नऊ-दहा. म्हणजे ७ दिसला म्हणून जुलै लिहिलात तर दोन महिन्यांनी चुकलात. तयार झाडांमधे ही चूक शेकड्याने सापडते. शिवाय जुन्या अक्षरांत यू आणि व्ही एकच, आय आणि जे एकच, आणि लांब एस हा एफसारखा दिसतो. एक युक्ती सांगते, अडलेला शब्द सोडून द्या, त्याच पाद्र्याच्या त्याच महिन्यातल्या आठ-दहा नोंदी वाचा, त्याचं अक्षर डोळ्यात बसतं आणि मग तो शब्द आपोआप उलगडतो.

अजून, एकोणिसाव्या शतकापासून प्रत्येक मुलाचं पहिलं नाव जोसेफ आणि प्रत्येक मुलीचं मारी, मग धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव आणि शेवटी खरं हाक मारायचं नाव. म्हणजे शेवटचं बघायचं. एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव पुन्हा ठेवायचे, त्यामुळे पहिला बाप्तिस्मा सापडला की लगेच खूष न होता त्या बाळाचं दफन तर नाही ना हे पुढची दोन-तीन वर्षं चाळून बघा. बाप्तिस्म्याच्या नोंदीतले धर्मपिता-धर्ममाता म्हणजे बहुतेक मामा, आत्या, आजी. कोण कोणाचं हे अडलं की तीच नावं कामाला येतात.

आता माझी चूक. एका तयार ऑनलाइन झाडावरून मी नऊ पिढ्या एका रात्रीत उतरवल्या, रंगीत प्रिंट काढून फ्रेम करून विहीणबाईंना ख्रिसमसला दिली. नंतर निवांतपणे वह्या बघायला लागले तर सहाव्या पिढीतल्या बाईला तिच्या दफनानंतर चार वर्षांनी मुलगा झालेला! नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, दुसरीचंही नाव मारी, आणि झाड करणाऱ्याने दोन्ही मारी एक करून टाकल्या होत्या. त्याच्यावरच्या तीन पिढ्या सगळ्या परक्या घरातल्या. ती फ्रेम परत मागून आणताना काय वाटलं असेल. तेव्हापासून नियम : झाड कोणाचंही बघा, सूचना म्हणून वापरा, पण पानाचा फोटो स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पेनाने नाव लिहायचं नाही, तोवर पेन्सिल. छापील ग्रंथांनाही हेच लागू. तांगे नावाच्या पाद्र्याने १८७१ ते १८९० मधे सात खंडांचा वंशकोश केला, एकट्याने, थोर काम, पण चुका भरपूर. १९८३ चा रने जेतेचा कोश १७३० पर्यंतचाच आहे पण जास्त भरवशाचा. आणि वहीही देवाचं वाक्य नाही, क्वेबेकच्या चर्चची पहिली वही १६४० च्या आगीत जळली आणि पाद्र्यांनी आठवणीवरून परत लिहिली, त्या वर्षांच्या नोंदी त्या हिशोबाने घ्यायच्या.

नोटरीचे कागद, इथे माणसं बोलतात

बरेच लोक चर्चच्या वह्या झाल्या की थांबतात. मला तर खरी मजा इथे आली. न्यू फ्रान्समधे पॅरिसचा रिवाजी कायदा चालायचा आणि लग्नाआधी नोटरीकडे करार करायची पद्धत होती. नवऱ्याकडून काय, नवरीकडून काय, राजाच्या लेकीला राजाकडून किती, लिहिलेलं असतं. लग्नाची चर्चची नोंद हरवली असेल तरी करार असतो. फक्त करार झाला म्हणजे लग्न झालं असं नाही, राजाच्या लेकींपैकी काहींनी करार मोडून दुसऱ्याशी लग्न केलं.

इथल्या अगदी जुन्या करारांपैकी एक २७ जुलै १६३६ चा, रोबेर द्रुएं आणि आन क्लुतिए. आनचं वय तेव्हा साधारण दहा! चर्चमधे लग्न पुढच्या वर्षी, आणि मुलगी लहान म्हणून दोन वर्षं नवरा-बायको म्हणून राहायचं नाही अशी अट. मी हे वाचलं आणि थांबले, माझ्या आजेसासूबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं आणि न्हाण येईपर्यंत त्या माहेरीच होत्या. आनचे वडील झाकारी क्लुतिए हे सुतार, १६३४ च्या आसपास पर्श भागातल्या मोर्तान्यहून आलेले, लिहिता येत नसे म्हणून सहीच्या जागी कुऱ्हाडीचं चित्र काढायचे. ती कुऱ्हाड कागदावर बघायला मिळते. आमच्या झाडाचं १६३४ चं टोक म्हणजे हेच, आणि ते चूक निघालं नाही. तशी फुशारकी मारण्यात अर्थ नाही, जुन्या क्वेबेकी घरांत क्लुतिए कुठून ना कुठून निघतोच.

करारांशिवाय बघायचं ते म्हणजे मयतानंतरची घरातल्या मालाची यादी, गोधड्या, कढया, गाय, फुटकं लोखंडी भांडं, देणी, सगळं. आणि मजूर म्हणून आलेल्यांचे तीन वर्षांचे करार, त्यांना "छत्तीस महिने"वालेच म्हणायचे, हे बऱ्याचदा फ्रान्समधल्या बंदरात, ला रोशेलला वगैरे झालेले असतात. नोटरीचं नाव कळलं की त्याचं दफ्तर बीएएनक्यूच्या आद्वितम या कॅटलॉगमधे शोधा. पार्शमें नावाचा नोटरी कागदांचा डेटाबेस आहे, तो बीएएनक्यूच्या वाचनालयात बसून बघता येतो. अक्षर भयंकर असतं, सांगून ठेवते.

याच्या जोडीला १६६६, १६६७ आणि १६८१ च्या शिरगणत्या. १६६७ च्या यादीत घरात किती गुरं आणि किती जमीन साफ केलेली हे आहे, १६८१ मधे बंदुकासुद्धा. वयं मात्र अंदाजपंचे.

समुद्र ओलांडताना

पहिल्या आलेल्या माणसाच्या लग्नात फ्रान्सचं गाव आणि बिशपचा इलाखा लिहिलेला असतो. स्पेलिंग पाद्र्याने ऐकलं तसं. आधी फिशिए ओरिजीन बघा, क्वेबेकच्या वंशावळ संस्थांच्या महासंघाचा फुकट डेटाबेस, १९९८ पासून चालू, फ्रान्समधे मूळ नोंद सापडलेल्यांची माहिती तिथे असते. नसेल तर गाव आज कुठल्या डिपार्टमेंटमधे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, येतं ते काढा, कारण डिपार्टमेंट हे १७९० चे आहेत आणि कागदात जुने प्रांत येतात. पर्शचा बराच भाग आज ओर्न डिपार्टमेंटमधे, आपल्या निकोलाचं मोले दे-सेव्रमधे. मग त्या डिपार्टमेंटच्या दफ्तरखान्याच्या साइटवर पॅरिशच्या वह्या, बहुतेक ठिकाणी फुकट. जेनेआनेट ही फ्रेंच साइट पण चाळा, पेन्सिलचा नियम लक्षात ठेवून.

ला रोशेल दिसलं की सावध व्हा, ते बंदर आहे, माणूस तिथून जहाजावर चढला म्हणून तिथलाच लिहिला गेला असेल. आणि काही ठिकाणी रस्ताच संपतो. मांश डिपार्टमेंटचं सें-लोमधलं दफ्तरखानं १९४४ च्या जूनमधे बाँबहल्ल्यात जळालं. पॅरिसच्या जुन्या पॅरिश वह्या १८७१ मधे कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडाच्या, आगीत गेल्या, आणि दुर्दैव असं की दोन्ही प्रती पॅरिसमधेच होत्या, दोन्ही जळाल्या. राजाच्या कितीतरी लेकी पॅरिसच्या. म्हणून माद्लेन देप्रेचा बाप्तिस्मा शोधत बसू नका, तिच्या आईवडिलांची नावं आहेत ती इथल्या लग्नाच्या पानावर आहेत म्हणूनच. तिथे फक्त पॅरिसच्या नोटरींचे जुने कागद उरलेत, ते काम मात्र महिनोन्महिन्यांचं.

अकेडियावाल्यांचं, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशिया भागातल्यांचं, वेगळं प्रकरण. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरादारातून उचलून जहाजांत घालून पांगवलं, वह्या हरवल्या. तिथे १६७१ आणि १६८६ च्या शिरगणत्या, पोर-रुआयालची १७०२ पासूनची उरलेली वही, आणि फ्रान्समधल्या बेल-इल बेटावर जाऊन राहिलेल्या अकेडियन लोकांनी १७६७ मधे आपापली वंशावळ तोंडी सांगून लिहवून घेतली ते जबाब, एवढ्यावरून जोडत न्यायचं. हे जबाब वाचताना पंढरपूर-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या चोपड्या आठवतात, तिथेही यात्रेकरू सांगतो आणि उपाध्ये लिहून घेतात.

पूर्वज कॅनडात न जाता पाँडिचेरी, माहे किंवा हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर गेला असेल तर सगळा मामला फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हांसच्या आनोमकडे, म्हणजे फ्रेंच वसाहतींच्या सरकारी दफ्तरखान्याकडे, त्यांच्या साइटवर वसाहतींच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या आहेत. रेयुनियनला तेव्हा बूरबों म्हणत, आणि तिथे सतराव्या शतकात आलेल्या पहिल्या बायकांमधे गोवा-दमण बाजूच्या इंडो-पोर्तुगीज मुली होत्या, फ्रेंच वसाहतकऱ्यांशी लग्न झालेल्या. त्या वंशावळींवर एकदा स्वतंत्र बसायचंय मला.

डीएनए आणि "आमच्यात रेड इंडियन रक्त आहे"

प्रत्येक क्वेबेकी घरात ही दंतकथा असते, विहीणबाईंकडे पण होती. कागद बघा. मारी ओलिव्हिए सिल्व्हेस्त्र मानितुआबविच ही मूळनिवासी बाई आणि मार्तें प्रेव्हो यांचं लग्न ३ नोव्हेंबर १६४४ ला क्वेबेकमधे नोंदलेलं आहे, तिच्यापर्यंत पोचलात तर गोष्ट पक्की. नुसतं गालाचं हाड वर आहे म्हणून नाही. आणि वह्यांत "पानी" असा शब्द दिसला तर तो आदर्श वाटणाऱ्या कुटुंबातलाही गुलाम मूळनिवासी असतो, तेही पान गाळू नका.

डीएनए टेस्ट केलीत तर हजारो चुलतभावंडं येतील, घाबरून जाऊ नका. एकच जोडपं पाच-सहा वाटांनी झाडात येतं, त्यामुळे आठव्या पिढीतलं नातं चौथ्या पिढीतलं असल्यासारखं दिसतं. लग्नाच्या नोंदीत नात्यातल्या लग्नासाठी चर्चची परवानगी लिहिलेली असते, तिसरी पायरी, चौथी पायरी असं. ती ओळ दिसली की दोन्ही बाजू वर एकत्र येणार हे समजायचं आणि कुठे येतात ते शोधायचं, अडलेली बाजू सोडवायला यासारखी चावी नाही.

नोंदवही कशी ठेवायची याबद्दल फार नाही सांगत. दर जोडप्याला एक पान : तारीख, पॅरिश, दोन्हीकडचे आईवडील, वही कुठे बघितली, फोटोचा नंबर, आणि कोपऱ्यात पेन की पेन्सिल. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल, मी अजून दोनशे पानी वही वापरते. मॉन्ट्रियलमधे असाल तर १९४३ पासूनची फ्रेंच-कॅनेडियन वंशावळ संस्था आहे, तिथल्या वाचनालयात एखादा दिवस बसा, अक्षर लागत नसलं की आजूबाजूचे आजोबा स्वतःहून उठून येतात.

विहीणबाईंना दुरुस्त केलेली फ्रेम गेल्या वर्षी दिली. पॅरिसच्या एका लेकीच्या डोक्यावरचे आजी-आजोबांचे चार चौकोन त्यात कोरे आहेत. नातवाने विचारलं इथे काय लिहायचं, तर सून म्हणाली पेन्सिल पण नको, ठेव तसंच.